केळीच्या धाग्याचं पहिलं पॅनेल करताना

रेझिन, म्हणजे धागे एकत्र बांधून घट्ट होणारा चिकट द्रव, कुठलं घ्यायचं ते नंतर बघ, आधी धागा वाळव. जळगावकडचा केळीचा धागा हाताला कोरडा लागला तरी हवेतला ओलावा धरून असतो. ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेव, अधूनमधून वजन कर. वजन उतरायचं थांबलं की लगेच कामाला लाग. रात्रभर उघडा राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. ओलाव्यामुळे पॅनेलमध्ये बुडबुडे राहतात आणि धागा रेझिनला नीट धरत नाही. नमुना मोडून कड भिंगाखाली बघ. धागे लांब आणि स्वच्छ उपसून आलेले दिसले, तर ते चिकटलेच नव्हते असं समज.

धागा रेझिनला नीट धरावा म्हणून वाळवण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवायची प्रक्रिया जरूर कर, पण सुरुवातीला द्रावण ५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नकोस, धागा कमजोर होतो. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

हार्डनर, म्हणजे रेझिनमध्ये मिसळून ते घट्ट करणारा घटक, मात्र काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं वापरून बघ, मला ते मनापासून आवडतं. कच्चा माल आपल्या कोकणातही आहे. इपॉक्सी हा रेझिनचाच एक प्रकार. ‘बायो’ इपॉक्सीत वनस्पतीजन्य भाग किती, हे कंपनीच्या डेटाशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला काही सांगू नकोस. पॅनेल मातीत कुजेल असं तर मुळीच नाही. घट्ट झालेलं नेहमीचं इपॉक्सी कुजत नाही.