कुलूप शाबूत असताना चोरी झाली, तर विमा मिळतो का?

प्रश्न : आई एकटी राहते. देखभालीच्या मावशींना दार उघडून आत येता यावं म्हणून दाराशेजारी भिंतीवर आम्ही नंबर लावून उघडणारी किल्लीची पेटी बसवली होती. आई हॉस्पिटलमध्ये असताना चोराने त्याच किल्लीने दार उघडून दागिने नेले. पेटीचं झाकण एका बाजूने वाकलंय, दाराचं कुलूप मात्र शाबूत आहे. ‘बळजबरीने आत शिरल्याची खूण नाही, शिवाय पेटीची माहिती दिली नव्हती’ असं कळवून विमा कंपनीने क्लेम नाकारला. आता काय करावं?

उत्तर : ताई, झाकण वाकल्याचं तुम्ही ओघात लिहिलंय, पण माझ्या मते तुमची केस त्याच्यावरच उभी आहे.

पॉलिसी काढून ‘घरफोडी’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचा. बहुतेक पॉलिसींत बळाचा वापर करून आत शिरून केलेली चोरी, असाच अर्थ दिलेला असतो. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पॉलिसीत अशी व्याख्या असेल तर चोरीआधी बळाचा वापर झालेला हवा, नुसती चोरी पुरत नाही. एफआयआरमध्ये घरफोडीचं कलम लागलंय, म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 प्रमाणे दुसऱ्याच्या घराची हाती लागलेली किल्ली वापरून चोरून आत शिरणं हीसुद्धा घरफोडीच. पण विम्याच्या दाव्यात पॉलिसीतले शब्द चालतात, फौजदारी कायद्यातले नाहीत.

म्हणून पेटी महत्त्वाची. दाराला हात लागला नसला, तरी आत शिरण्याची वाट चोराने पेटी उचकटूनच मोकळी केली, असं तुम्हाला मांडता येईल. बळ दारावरच वापरलेलं हवं असं व्याख्येत लिहिलेलं नसेल, तर हा मुद्दा मला भक्कम वाटतो. पॉलिसीतल्या संदिग्ध शब्दांचा अर्थ ती लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावला जातो. पेटी भिंतीवरून काढू नका, झाकणही सरळ करू नका. जवळून फोटो घ्या आणि पंचनाम्यात वाकलेल्या झाकणाचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर पोलिसांना आजच लेखी अर्ज देऊन पुरवणी पंचनामा मागा. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही कंपनीकडून लेखी मागून घ्या.

नंबर माहीत असलेल्या कुणीतरी पेटी उघडली आणि झाकण आधीपासूनच वाकलेलं होतं, असं निघालं तर मात्र बाजू लंगडी पडते. घरातल्या किंवा कामावरच्या माणसाने केलेली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते, तेही कलम तपासा. मावशींवर पुराव्याशिवाय संशय घेऊ नका, पण नंबर कुणाकुणाला माहीत होता ते पोलिसांना खरं खरं सांगा.

माहिती लपवल्याचा आरोप मला कच्चा वाटतो. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. कुलपांबद्दल किंवा किल्ली बाहेर ठेवण्याबद्दल त्यात प्रश्नच नसेल, किंवा पेटी पॉलिसी घेतल्यानंतर बसवली असेल, तर जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तुम्ही दडवली हे कंपनीला सिद्ध करावं लागेल. नूतनीकरणाच्या वेळी काही विचारलं होतं का, हेही आठवा.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, त्याला 2 वर्षांची मुदत आहे. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते घेत नाही, त्यामुळे तुमच्यासारख्या प्रकरणात मी आधी लोकपालाकडेच जायला सांगेन.