पहिला पावसाळा नुसता बघा

कोकणातलं आजोबांचं घर दुरुस्त करायला घेताय ना, मग पहिल्या वर्षी हात जरा आवरा. जून ते सप्टेंबर तिथे राहून फक्त बघा: कुठल्या कौलातून ठिबकतंय, पागोळीचं पाणी कुठल्या जोत्याला लागतंय, कुठल्या खांबावर वाळवी चढतेय. खडूने खुणा करून ठेवा.

काम दिवाळीनंतरच. भातकापणी उरकल्याशिवाय गडी मिळत नाहीत, उगाच फोन करत बसू नका. छप्पर आधी, लादी सगळ्यात शेवटी. जुनी मंगलोरी कौलं फेकायची नाहीत. टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर ठेवा. नव्यांचा साचा जुन्यांशी जुळेलच असं नाही.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको, गवंडी कितीही मागे लागला तरी. (लागतोच.) ओल आत अडकते आणि पोपडे सुटतात. चुना लावा, पण तो आधी भिजवून मुरवावा लागतो. मे महिन्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा गिलाव्याचं ओलं काम मार्चपर्यंत उरका. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, वळीव मात्र पंचांग बघून येत नाही. मे अर्धा सरला की छप्पर उघडं ठेवू नका.