जर्मनीत पिस्तूल घ्यायचंय? आधी क्लब, मग हात, मग मॉडेल

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारताय, आता नोकरीसाठी म्युनिकला येताय, आणि इथे स्वतःचं .२२ आणि पुढे ९ एमएमचं, म्हणजे गोळीचं पिस्तूल घ्यायचं मनात आहे. पार्डिनी घ्यावं की वाल्थर? आणि पुण्यातलं एअर पिस्तूल सोबत आणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: आणू नका, विकून या. जर्मनीत ७.५ ज्यूलपर्यंतचं एअर पिस्तूल १८ वर्षांवरच्या कुणालाही परवान्याशिवाय घेता येतं, पण त्यावर पंचकोनात कोरलेलं ‘एफ’ हे अक्षर असावं लागतं. ती खूण नसेल तर तेच पिस्तूल इथे परवान्याचं शस्त्र ठरतं आणि कस्टम्समध्ये तुम्ही विनापरवाना शस्त्र आणणारे ठरता. नवीन देशात पहिल्याच दिवशी पोलिसांच्या नोंदीत नाव जाण्यासारखं दुसरं नुकसान नाही, कारण पुढे प्रत्येक परवान्याच्या वेळी तुमची विश्वासार्हता तपासली जाते.

आता .२२ आणि ९ एमएम. यासाठी वाफेनबेझित्सकार्टे, म्हणजे शस्त्र बाळगण्याचं कार्ड लागतं. मान्यताप्राप्त संघटनेशी जोडलेल्या क्लबचं किमान १२ महिन्यांचं सदस्यत्व हवं आणि त्या काळात नियमित नेमबाजी हवी: दर महिन्याला निदान एकदा, नाहीतर वर्षभरात १८ वेळा. शिवाय झाखकुंडेची परीक्षा, म्हणजे कायदा आणि शस्त्र हाताळणी, तीही जर्मन भाषेत. खेळाडूंना ही शस्त्रं २१ व्या वर्षापासून मिळतात, .२२ मात्र १८ पासून.

आणि बहुतेकांना उशिरा कळणारी गोष्ट अशी: शस्त्र कायद्याच्या कलम ४ नुसार, अर्जदार जर्मनीत किमान पाच वर्षं राहत नसेल तर कार्यालय परवाना नाकारू शकतं. ‘नाकारेलच’ असं नाही. तो अधिकाऱ्याचा विवेक आहे. म्युनिक शहरात हे काम क्राइसफरवाल्टुंग्सरेफराट बघतं, शहराबाहेर राहिलात तर लांड्राट्सआम्ट. क्लबचे पदाधिकारी त्या कार्यालयाशी सतत व्यवहारात असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्यांनाच विचारा. तोवर .२२ मारता येणार नाही असं मुळीच नाही. क्लबची पिस्तुलं क्लबच्या रेंजवर, देखरेखीखाली वापरायला कार्ड लागत नाही. .२२ विकत घेण्याआधी पाचसहा वेगवेगळी पिस्तुलं हाताळण्याची ही उत्तम संधी आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: क्लब, एअर पिस्तूल, क्लबच्या .२२ वर वर्षभर सराव, मग स्वतःचं .२२.

क्लब निवडताना इमारत बघू नका, रेंज बघा. बायर्नमध्ये (बव्हेरियात) गावोगावी फेराइन, म्हणजे क्लब आहेत, पण पुष्कळ ठिकाणी फक्त १० मीटरच्या लेन असतात. २५ मीटरची रेंज आहे का, त्यावर ९ एमएमला परवानगी आहे का, आणि क्लब कोणत्या संघटनेत आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा. डॉइचर श्युत्सेनबुंडच्या क्लबात ऑलिंपिक प्रकार चांगले चालतात. आयपीएससी, म्हणजे पळत-वळत मारायचा प्रॅक्टिकल प्रकार मारायचा असेल तर बुंड डॉइचर श्पोर्टश्युत्सेनचा क्लब लागतो. शहराच्या उत्तरेला गार्चिंग-होखब्र्युकची ऑलिंपिक रेंज आहे, तिथे आयएसएसएफचे (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे) विश्वचषक होतात. एकदा प्रेक्षक म्हणून जरूर जा; पहिल्या आठ जणांच्या हातातली पिस्तुलं आणि त्यांच्या ग्रिपा जवळून बघायला मिळतात.

एअर पिस्तुलात मॉडेलवरून फार डोकं शिणवू नका. स्टायर, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, मोरिनी, पार्डिनी, कुठलंही मॅच पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरलं तर १० मीटरवर १०च्या वर्तुळात सहज ग्रुप देतं, आणि ते वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. फरक पडतो तो ग्रिपने आणि ट्रिगरने. बजेट कमी असेल तर हॅमर्ली एपी २० नवीन घ्या किंवा वापरलेलं स्टायर एलपी १० बघा. वाल्थर उल्मचं आणि फाइनवेर्कबाऊ ओबर्नडॉर्फचं. दोन्ही गावं म्युनिकहून गाडीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी, त्यामुळे दुरुस्तीला सोयीची.

ग्रिप अशी तपासा. पिस्तूल हातात नीट बसवा, डोळे मिटा, हात उचलून भिंतीकडे धरा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर ग्रिपचा आडवा कोन बदलायचा. वर-खाली दिसली तर ग्रिपचा उतार. मनगट वळवून ती मध्ये आणायची सवय लावू नका, कारण साठ शॉटांच्या सामन्यात चाळिसाव्या शॉटनंतर मनगट थकतं आणि मूळ जागी परततं. मग तर्जनी बघा: बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर यावा, आणि बोटाची बाजू लाकडाला कुठेही टेकू नये, मध्ये दोनतीन मिलिमीटर फट हवी. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर दाबताना नळी बाजूला ढकलली जाते, आणि माणूस महिनोन्‌महिने साइटचे क्लिक फिरवत बसतो. तळव्याखालची पट्टी हाताला टेकेल इतकीच वर घ्या. हाताला मुंग्या आल्या तर ती फार आवळली आहे.

ग्रिप एस, एम, एल मापात येते. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घेऊन लाकडाच्या पुट्टीने भरा, लहान घेऊन कोरत बसू नका. आणि पहिले दोन हजार शॉट होईपर्यंत कानस लावूच नका. हात आधी ग्रिपशी जुळतो, मग खरी टोचणारी जागा कळते. ती जागा शोधायला तळव्याला खडूची पूड लावून पकडायचं: लाकडावर जिथे खडू दाट उमटेल तिथेच घासायचं.

स्पर्धेच्या तपासणीत दोन गोष्टी अडकतात. एक, पेटी. संपूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, आणि मोठ्या ग्रिपची बाहेर आलेली पट्टी त्या ५० मध्ये बसत नाही असं पुष्कळदा होतं. दोन, ट्रिगर. नळी सरळ वर करून ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून उचलतात. तीन प्रयत्नांत वजन उचललं गेलं नाही तर पिस्तूल बाद. बरोबर ५०० वर बेतू नका, ५१० ते ५२० ठेवा, कारण थंडीत आणि धूळ बसल्यावर वजन थोडं इकडेतिकडे होतं. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्याला साधारण ३५० ते ४०० ठेवून उरलेलं दुसऱ्याला दिलं तर शॉट सुटण्याची जागा बोटाला स्पष्ट कळते.

वापरलेलं घेताना सगळ्यात आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. २०० बारच्या हवेचा सिलिंडर जास्तीत जास्त दहा वर्षं चालतो. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि भरायलाही कुणी हात लावत नाही. जुन्या पिस्तुलाची किंमत नव्या सिलिंडरचा खर्च वजा करूनच ठरवा. मग सील: पिस्तूल भरून रात्रभर ठेवा, सकाळी गेजचा काटा तिथेच हवा. पेलेटसाठी (छर्ऱ्यांसाठी) आरडब्ल्यूएस आर १० किंवा एच अँड एन फिनाले मॅच घ्या, ४.४९ किंवा ४.५० मिलिमीटरचे. सामन्यातला स्कोअर ६०० पैकी ५६० च्या पुढे जाईपर्यंत बॅच तपासण्यात पैसे घालू नका.

.२२ साठी मर्यादा वेगळ्या: ट्रिगर किमान १००० ग्रॅम, वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, पेटी ३०० × १५० × ५०. पार्डिनी एसपी आणि फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ ही आजची ठरलेली नावं, पण पहिल्या पिस्तुलासाठी माझं मत वापरलेल्या वाल्थर जीएसपीला. दशकानुदशकं बनत आलं, जर्मनीत सुटे भाग आणि ते जाणणारे कारागीर मुबलक, आणि ट्रिगरचा संपूर्ण संच वेगळा निघतो, त्यामुळे साफ करायला सोपं. .२२ अडकायला लागलं की बहुतेकांना पिस्तूल बिघडलं असं वाटतं. पण दोष बहुधा गोळीचा किंवा चेंबरमधल्या मेण आणि शिशाच्या थराचा असतो. स्टँडर्ड वेगाच्याच गोळ्या वापरा. हाय व्हेलॉसिटीने स्लाइडवर नको तेवढा मार बसतो. चार-पाच ब्रँडची एकेक पेटी घेऊन बघा, पिस्तूल स्वतःच निवड सांगतं. आणि रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढू नका, ड्रायसाठी (गोळीविना सरावासाठी) प्लग वापरा. नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते आणि गोळी ओढून निघेनाशी होते.

९ एमएम सगळ्यात शेवटी. इथे पिस्तुलाची निवड कायद्यानेच स्पर्धाप्रकाराला बांधली आहे: हे शस्त्र कोणत्या प्रकारासाठी मान्य आहे आणि तुम्हाला गरजेचं आहे, याचा दाखला संघटना देते. म्हणून आधी प्रकार ठरवा. आयपीएससीकडे जायचं असेल तर त्याचा सुरक्षा आणि नियमांचा वेगळा कोर्स आहे आणि सीझेड शॅडो २ सारखं भारी पोलादी पिस्तूल तिथे शोभतं. ३ इंचांहून आखूड नळीचं पिस्तूल खेळासाठी चालतच नाही. सुरुवातीच्या कोट्यात अशी दोनच शॉर्टगन (आखूड नळीची शस्त्रं, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर) मिळतात आणि सहा महिन्यांत दोनांहून जास्त शस्त्रं घेता येत नाहीत. पहिली जागा घाईने ९ एमएमला दिलीत तर .२२ आणि .३२ (आणखी एक कॅलिबर) यांपैकी एक पुढे अडकेल.

तिजोरी परवान्याआधी घ्या. ईएन ११४३-१ प्रमाणाची, शून्य दर्जाची. २०० किलोंखाली तिच्यात पाच शॉर्टगनपर्यंत ठेवता येतात. किल्लीची घेऊ नका, आकड्यांच्या कुलुपाची घ्या. म्युन्स्टरच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की किल्लीही तेवढ्याच सुरक्षित पेटीत हवी, म्हणजे किल्लीसाठी दुसरी तिजोरी आली. एअर पिस्तूलही घरी कुलूपबंदच ठेवायचं, आणि नेताना कुलूप लावलेल्या पेटीत, रिकामं, रेंज ते घर एवढंच.

नोकरी बदलून लंडनला जायची शक्यता असेल तर .२२ वर पैसे घालण्याआधी विचार करा: ब्रिटनच्या मुख्य बेटावर १९९७ पासून अशी पिस्तुलं खासगी माणसाकडे राहत नाहीत, आणि स्कॉटलंडात एअर पिस्तुलालाही दाखला लागतो.

पुण्याहून आणायचं ते हे: शूटिंगचा चष्मा आणि त्याची लेन्स, घोटा न झाकणारे सपाट तळव्यांचे शूज, आणि न वापरणाऱ्या डोळ्यावरची ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नसलेली पट्टी. सप्टेंबरात पोचलात तर थेट क्लबात जा, कारण हिवाळ्यात एअर पिस्तुलाचे सांघिक सामने चालू होतात आणि नवीन माणसाला संघात जागा तेव्हाच मिळते.