पायाखालचं पाणी ओळखा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळी झाली की बेळगाव-खानापूर भागातली मंडळं, मित्रगट, शाळेतले जुने सोबती रानाकडे वळतात. या वेळची बहुतेक पत्रं गटानं एका दिवसात करायच्या पायपिटीबद्दल आहेत. ओढे, चिखल आणि दाट झाडी, तिन्ही एकाच वाटेवर.

आम्ही गल्लीतल्या मंडळाचे बावीस जण नोव्हेंबरात खानापूरच्या पश्चिमेकडच्या रानात नदीकाठानं बारा किलोमीटर चालायचं म्हणतोय. सकाळी नऊला बेळगाव सोडलं तर अंधाराआधी परत येऊ का?
*एक वाचक, अनगोळ*

नाही. हिशोब मांडून बघा. गाडीनं पोचून, माणसं मोजून चालायला लागेपर्यंत साडेदहा वाजतात. बारा किलोमीटरपैकी नऊ कोरडी वाट धरली तर ताशी तीनच्या वेगानं तीन तास लागतात. उरलेले तीन किलोमीटर पाणथळ. तिथं ताशी एक किलोमीटर झालं तरी पुष्कळ, म्हणजे आणखी तीन तास. ओढा एकेकानंच ओलांडायचा असतो. माणशी एक मिनिट धरलं तर बावीस जणांना बावीस मिनिटं, आणि असे चार ओढे म्हणजे दीड तास. जेवण-विसावा एक तास. बेरीज साडेआठ तास, म्हणजे संध्याकाळचे सात. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत साडेपाचलाच दिसेनासं होतं.

अकरा-अकराचे दोन गट करा. दोन्ही गट एकामागोमाग नकोत, निराळ्या दिवशी किंवा निराळ्या वाटेनं जाऊ देत. वाट आठ किलोमीटरची ठेवा, त्यात पाणथळ दोनपेक्षा जास्त नको. साडेसातला पाऊल टाकलं तर एक-दीडपर्यंत गाडीपाशी याल आणि चुकलात तरी हातात चार तास उरतील. साडेअकरा ही परतीची वेळ आधीच ठरवा. कुठंही असलात तरी त्या वेळी तोंड फिरवायचं. ‘एवढा ओढा झाला की धबधबाच’ हे वाक्य साधारण तेव्हाच ऐकू येतं.

आठपेक्षा कमी माणसंही नकोत. एकाचा पाय मुरगळला तर उचलायला आळीपाळीनं सहा जण लागतात. वाट माहीत असलेला पुढं आणि तितकाच खमक्या माणूस शेवटाला. शेवटच्याच्या मागं कुणी राहायचं नाही, लघवीला थांबलेलाही नाही. प्रत्येकाला नंबर द्या, अर्ध्या तासानं आणि प्रत्येक ओढ्यानंतर मोठ्यानं नंबर म्हणवून घ्या. चालताना हलक्या आवाजात बोलणं चालू असू द्या. इथं गवे रेडे आणि अस्वलं आहेत, आणि माणूस अचानक समोर आला की अस्वल अंगावर येतं.

परवानगीचं काय, हे पत्रात नाही म्हणून सांगतो. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. तिथं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. किल्ला बघायचा असला तरी तेच. अभयारण्याबाहेरचं रानही बरंचसं राखीव वन आहे. वनक्षेत्रपाल कार्यालयात आठ-दहा दिवस आधी जा. सगळ्यांची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, गाडीचा नंबर, जायची-यायची वाट असा अर्ज द्या आणि कन्नडमधली एक प्रत जोडा, काम लवकर होतं. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. तेव्हा चोरवाटेनं जाऊ नका.

दलदल लांबून कशी ओळखायची? आणि माणूस मांडीपर्यंत रुतला तर?
*एक वाचक, जांबोटी*

लांबून तीन गोष्टी दिसतात. भोवतीचं गवत पिवळं पडलेलं असताना मधेच एक तुकडा गर्द हिरवा राहतो. पाण्यावर लोखंडाच्या गंजासारखी तांबूस साय असते. आणि उतारावर, जिथं पाणी साचायला नको तिथं, जमीन लकाकते. ही उपळ. आत पाण्याचा दाब असतो म्हणून वरची माती कधी घट्ट बसत नाही. गुरांच्या वाटेचा अंदाज घ्या. म्हशी जिथं वळसा घालून गेल्या तिथं तुम्हीही वळसा घ्या.

हातात साडेपाच-सहा फुटांची बांबूची काठी हवी, माणशी एक. पाऊल टाकायच्या आधी काठी टेकवायची. वीतभर गेली तर चाला, हातभर गेली तर वाट बदला. दोघांत तीन मीटर अंतर ठेवा. बहुतेक गट इथंच चुकतात. पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायची सवय कोरड्या वाटेवर चांगली, चिखलात घातक. पहिल्याचा पाय घोट्यापर्यंत जातो, आठव्यापर्यंत तो खड्डा ढवळून गुडघाभर होतो. चिखलात पुढच्याच्या पावलांपासून दोन हात बाजूनं चाला, गवताच्या ठोंबांवर आणि पडलेल्या फांद्यांवर पाय ठेवत. सॅकचे कमरेचे, छातीचे पट्टे आधीच सोडून ठेवा.

रुतल्यावर पाय सरळ वर ओढला तर निघत नाही. बुटाच्या तळाखाली पोकळी होते आणि चिखल तो खाली खेचतो. दुसऱ्या पायावर जोर दिला की तोही जातो. आधी सॅक टाका. मागं रेलून बसा, ओला व्हायची लाज नको. काठी आडवी अंगाखाली घ्या. मग रुतलेला पाय पुढं-मागं हळूहळू हलवत राहा, म्हणजे बाजूनं पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. मांडीपर्यंत गेलेला पाय निघायला पंधरा-वीस मिनिटंही लागू शकतात. सोबत्यांनी कडेला राहून दोन काठ्या आडव्या सरकवाव्यात. चौघांनी दंडाला धरून हिसका मारला तर पाय चिखलात राहतो आणि खांदा निखळतो.

ओढ्याचं वेगळं. कणकुंबीजवळच मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच टापूतलं म्हादईचं पाणी पश्चिमेला गोव्यात उतरतं. पूर्वेकडचे ओढे तुलनेनं संथ. म्हादईकडचे ओढे अरुंद घळीतून खाली धावतात, वर पाऊस झाला की बघता बघता चढतात. पाणी गढूळ झालं, पाचोळा वाहून येऊ लागला, खळखळाटाचा सूर जाड झाला, यातलं एक जरी घडलं तरी आहे त्या काठावरच थांबा. एरवी ओलांडायचं ते रुंद, उथळ, दगडगोट्यांच्या उतारावर. शांत दिसणारा डोह टाळा. सुकी काटकी पाण्यात टाका. ती तुमच्या चालीपेक्षा वेगानं गेली आणि पाणी गुडघ्यावर असेल तर माघारी फिरा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढं, पाय घासत आडवं सरका. बूट काढू नका. कमरेला दोर बांधून कधीही उतरू नका. पाय घसरला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

गमबूट घ्यावेत की ट्रेकिंगचे महागडे बूट? जळवांसाठी आमच्याकडे तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात, ते बरोबर आहे का?
*एक वाचक, निपाणी*

दोन्ही बूट नकोत. गमबुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर पडायला जागा नाही, आणि चिखलात पाय मोकळा निघून बूट आत राहतो. पाणी न शिरणारे महागडे बूट एकदा आतून भिजले की दिवसभर वाळत नाहीत. कॅनव्हासचे, घोट्यावर येणारे, रबरी दातेरी तळाचे जंगल शूज घ्या. पाणी जसं शिरतं तसं चालता चालता निघून जातं. नाडी दुहेरी गाठीची. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीत परतल्यावर घालायला.

तंबाखूचा उपाय जुना आहे, जळू टाळायला तो लागूही पडतो. पण पहिल्याच ओढ्यात धुऊन जातो. शिवाय ओल्या कातडीतून निकोटिन अंगात उतरतं. मळमळ, चक्कर, ओकाऱ्या होतात. ओल्या तंबाखूत हात घालणाऱ्यांना हा त्रास होतो हे निपाणीकरांना वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा घट्ट विणीच्या मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे शिवून घ्या, वर नाडी. पँट आत, मोजा वर. साध्या मोज्याच्या विणीतून बारीक जळू आरपार जाते, मांजरपाटातून नाही. थांबाल तेव्हा एकमेकांचे पाय तपासा.

चिकटलेल्या जळवेवर मीठ किंवा काडीचा चटका नको. ती पोटातलं जखमेत ओकते आणि मग जागा चिघळते. तिच्या बारीक टोकाकडं, म्हणजे तोंडाकडं, नख कातडीला लावून आडवं सरकवा. सुटते. नंतर तास-दोन तास थेंब थेंब रक्त येतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. साबणानं धुवा, पट्टी दाबून बांधा.

पाण्यात उभी असलेली, गुडघ्यासारखी वाकडी मुळं वर काढणारी जायफळाची झाडं कुठं बघायला मिळतील?
*एक शिक्षिका, खानापूर*

ती रानजायफळाची दलदल. बेळगावहून एका दिवसात होण्यासारख्या दोन जागा आहेत. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या सत्तरीत निरंकाराची राई, आणि तिलारी घाट उतरून दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेची राई. दुसरी जागा महाराष्ट्रानं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली आहे. उत्तर कन्नडातही अशा दलदली आहेत. बहुतेक जागा देवाच्या नावानं राखल्या म्हणूनच उरल्या, नाहीतर सपाट, बारमाही ओलाव्याची जमीन माणसानं भाताला किंवा सुपारीला कधीच घेतली असती.

चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन कमानीसारखी वाकतात आणि परत आत जातात. झाड त्यातून श्वास घेतं. त्यांवर पाय दिला की साल सोलते आणि झाडाला कीड-बुरशी लागते. म्हणून इथं वरचा नियम उलटा: सगळ्यांनी एकाच रेषेत, एकाच पावलावर चालायचं, आणि शक्यतो कडेनंच बघायचं. मुलं सोबत असतील तर सहा-सहाचे गट आत सोडा. फळं वेचू नका. या बिया वाळल्या की मरतात, घरी नेलेली बी रुजतच नाही. आणि तिखटाच्या डब्यातलं जायफळ ते हे नव्हे, हे त्याचे भाऊबंद.

साप चावला तर जवळ दवाखाना नाही, मोबाइलला रेंज नाही. काय सोबत ठेवावं? माकडतापाची भीती खरी आहे का?
*एक वाचक, येळ्ळूर*

ओढ्याकाठच्या फांदीवर, नेमका हात टेकवायच्या उंचीवर, चापडा वेटोळं करून बसतो. म्हणून आधाराला फांदी धरायच्या आधी बघा. चावल्यास माणसाला खाली बसवा, अंगठी-घड्याळ काढा, चावलेला भाग दोन काटक्यांनी सांधा हलणार नाही असा बांधा. आवळपट्टी, ब्लेड, तोंडानं ओढणं यातलं काही नको. माणसाला चालवायचं नाही. खताची दोन रिकामी पोती सोबत ठेवा, एरवी बसायला होतात. तळाचे कोपरे कापून सात-आठ फुटी दोन बांबू त्यांतून ओवले की डोली तयार. दोघे जण रेंज मिळेल तिकडे पुढं धावतील आणि 108 लावतील. साप पकडून नेऊ नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर बनलेली असते, काही चापड्यांवर ती लागू पडत नाही. ते डॉक्टर लक्षणं बघून ठरवतील. तुम्ही वेळ वाचवा.

माकडताप खरा आहे. 1957 साली शिवमोग्ग्याजवळच्या क्यासनूर रानात तो प्रथम ओळखला गेला. गेल्या दशकात सत्तरी आणि दोडामार्ग या आपल्या शेजारच्या तालुक्यांतही रुग्ण सापडले. तो गोचिडीतून पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. म्हणून पायपीट नोव्हेंबरात उरकलेली बरी. वाळल्या पाचोळ्यात बसू नका, फिके कपडे घाला म्हणजे बारीक गोचीड दिसते, घरी येताच गरम पाण्यानं साबण लावून आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. आठवडाभरात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लेप्टोसाठीही, म्हणजे जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापासाठीही, तेच. पायाला उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका.

जेवण काय न्यावं?
*एक वाचक, चंदगड*

ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. दहीभात दुपारपर्यंत आंबतो. कुंदा न्या, पण तो शेवटाला, गाडीपाशी, कारण गोड खाल्लं की तहान लागते आणि पाणी मोजकं असतं. माणशी अडीच लिटर पाणी, मीठ-साखरेची दोन पाकिटं, आणि गाडीत दहा लिटरचा कॅन. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी उकळल्याशिवाय नको, वर गुरं बसलेली असतात.

स्पीकर आणि ड्रोन चालतील का?
*एक वाचक, बेळगाव*

नाही. दोन्ही घरी ठेवा आणि तेवढ्या वजनाचं पिण्याचं पाणी न्या.