पावसाळ्यात भरणारी घोडी आणि एकच सॅडल

प्रश्न : माझी मारवाडी घोडी पावसाळ्यात अंगाने भरते, उन्हाळ्यात उतरते. गलेट (सॅडलच्या, म्हणजे खोगिराच्या, पुढच्या भागातली कमान) बदलता येणारं सॅडल घेतलं तर वर्षभर चालेल का?

उत्तर : चालेल, पण गलेट बदलून फक्त पुढची रुंदी बदलते. पाठीचा बाक जुळला नाही तर पैसे वाया. आधी नमदा (सॅडलखालची जाड घडी) न घालता नुसतं सॅडल ठेवून पाहा. ते खांद्याच्या हाडामागे बसावं, शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ नये. मारवाडी घोड्याचा मानेमागचा उंचवटा बहुधा ठळक असतो. तंग (पोटाखालचा पट्टा) आवळून तुम्ही वर बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटं जायला हवीत. गलेट अरुंद असेल तर पुढची बाजू उचलते आणि स्वार मागे ढकलला जातो. रुंद असेल तर सॅडल उंचवट्यावरच टेकतं. अरुंद गलेटखाली जाड नमदा तर मुळीच घालू नका, चिमटा आणखी घट्ट होतो.

तुमच्यासाठी : बसल्यावर मागे चार बोटं जागा उरावी, गुडघा फ्लॅपबाहेर (सॅडलच्या बाजूच्या झडपेबाहेर) जाऊ नये.

अर्धा तास रपेट करून सॅडल उतरवा. कण्यावरची पट्टी कोरडी असणं ठीक. पण ओल्या पाठीवर बाजूला कोरडा ठिपका दिसला, तर बहुतेक तिथे दाब पडतोय. दाबाच्या जागी पांढरे केस उगवेपर्यंत थांबू नका, गलेट लगेच तपासा.