दृष्टिदोष असलेल्या मुलीला वर्गात टॅब नाकारता येतो का?

प्रश्न : माझी मुलगी एका खासगी विनाअनुदानित शाळेत नववीत आहे. दृष्टिदोष 60 टक्के, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. वर्गातला डिजिटल बोर्ड तिला दिसत नाही, नोट्स ग्रुपवर फोटो काढून येतात. टॅबवर अक्षर मोठं करून ती वाचू शकते. पण "एकीला दिला की सगळे मागतील, नियम सर्वांना सारखा" म्हणून शाळा नाही म्हणते. काय करावं? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, शाळेचं हे म्हणणं कायद्यात टिकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 2 मध्ये भेदभावाची व्याख्या आहे. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार करून द्यायचा योग्य तो बदल, नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शाळा शासनमान्य आहे, त्यामुळे विनाअनुदानित असली तरी दिव्यांग मुलांना इतरांसोबत, वाजवी सोयी देऊन शिकवण्याबद्दलचं कलम 16 तिला लागू होतं. अवाजवी बोजा पडत असेल तर शाळेला तसं म्हणता येतं, पण मुलीचा स्वतःचा टॅब बाकावर ठेवला तर कसला बोजा? आणि प्रत्येकाची गरज वेगळी, ती त्या व्यक्तीशी बोलून ठरवायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या दिव्यांग उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलंय.

आता तोंडी बोलणं पुरे. मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि "सहकार्य करावे" असलं मोघम काही लिहू नका. नेमकं मागा : टॅबच्या कॅमेऱ्याने बोर्ड मोठा करून पाहायची परवानगी, इअरफोन, धड्याची फाइल आदल्या दिवशी. नोट्स युनिकोड मराठीत (कुठल्याही फोन-टॅबला ओळखता येणाऱ्या अक्षरांत) टाइप केलेल्या हव्यात, हेही लिहा. वहीच्या पानाचा फोटो मोठा केला की अक्षर फुटतं, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर टॅब वाचून दाखवायला गेला की भलतंच काही ऐकू येतं. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या, लेखी उत्तर मागा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही अडलं तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना समन्स काढून कागदपत्रं मागवता येतात. कायद्यात दंडाचं कलमही आहे, पण पहिल्याच पत्रात त्याची धमकी नको. तिला रोज त्याच वर्गात बसायचंय.

टॅब जुना झाला असेल तर कलम 17 पाहा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत सहायक साधनं मोफत देण्याची जबाबदारी शासनावर आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तोही अर्ज करून ठेवा. दहावीच्या जादा वेळेचा, लेखनिकाचा प्रस्ताव शाळेमार्फतच बोर्डाकडे जातो, त्याची चौकशी याच भेटीत करा.