डोकी मोजली, की थांग घेतला?

प्रश्न: आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका गावात घरोघर जाऊन नळपाणी योजनेबद्दल लोकांचं म्हणणं विचारलं. घरं २१२, त्यातल्या ३१ घरांना कुलूप. अहवाल इंग्रजीत पाठवायचा आहे. मी 'वुई टुक पीपल्स ओपिनियन' लिहिलं. सहकाऱ्याने ते खोडून 'कॅनव्हस्ड' केलं, वरिष्ठांनी त्याचंही 'कन्सल्टेड' केलं. कॅनव्हसिंग म्हणजे प्रचार ना? मग लिहू तरी काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, तुमच्या 'टुक'मधून आपलं 'मत घेतलं' डोकावतंय, ते बदलायला हवंच. पण बदलण्याआधी त्या दारांत उभं राहून तुम्ही नेमकं काय केलंत ते आठवा. क्रियापद त्यावरून ठरतं.

कॅनव्हस म्हणजे तंबूचं, शिडाचं जाडं कापड. माणसाला अशा कापडात घालून वर उडवायचं, हा या क्रियापदाचा फार जुना अर्थ. त्यातून एखादा विषय घोळवणं आलं, जसं आपण धान्य सुपात घोळवतो. मतं मागत फिरणं त्यानंतरचं. आपल्या कानावर निवडणुकीतला तेवढाच अर्थ पडतो, म्हणून तुम्ही बिचकलात. 'कॅनव्हस ओपिनियन' म्हणजे चार ठिकाणी फिरून लोकांचा कल विचारणं, त्यात प्रचार नाही. तुमच्या सहकाऱ्याचा शब्द चुकलेला नाही. फक्त क्रियापदाच्या शेवटी दोन एस लिहा, एक एस लिहिलात तर कापड होईल.

'पोल'चा मूळ अर्थ डोकं. पोल टॅक्स म्हणजे आपली डोईपट्टी, आणि मतं मोजणं म्हणजे डोकी मोजणं. आपल्याकडे शिरगणती हा शब्द त्याच वाटेने आला. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात मतदान झालं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर. विलीनीकरणाची निशाणी फूल होती, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरुद्ध १,७२,१९१. इंग्रजीत तो 'ओपिनियन पोल', मराठीत जनमत कौल. देवाला लावायचा कौल हा शब्द तिथे किती चपखल बसला! एक ठरलेला प्रश्न, त्याला ठरलेली उत्तरं आणि शेवटी मोजणी, असं असेल तिथे 'पोल' लिहावं. तुम्ही लोकांना ओट्यावर बसून बोलू दिलंत, तो पोल नव्हे.

'साउंड आउट' मला सगळ्यांत जवळचं. यातल्या 'साउंड'चा आवाजाशी काही संबंध नाही. हा पाण्याची खोली मोजण्याचा शब्द आहे. माझे वडील लाँचवर होते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की ते दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडायचे आणि किती वाव पाणी आहे ते मोठ्याने सांगायचे. आपणही मनाचा थांग घेतो, ठाव घेतो. दोन्ही भाषांनी पाण्यावरूनच शब्द उचलला, याचा मला शाळेत शिकवतानाही फार आनंद व्हायचा. ठराव मांडण्याआधी सरपंचांशी तुम्ही बाजूला बोलला असाल, तर ते 'साउंड आउट'. ते माणसाला करतात, मताला नाही.

'सॉलिसिट' म्हणजे मागवणं: हरकती व सूचना मागवतात, तसं. 'एलिसिट'मध्ये समोरच्याकडून काहीतरी बाहेर काढायचं असतं. तो आपण होऊन बोलत नाही, नीट प्रश्न विचारावे लागतात. म्हातारीने आधी 'बरं चाललंय' म्हटलं आणि तिसऱ्या प्रश्नाला टँकरचं सांगितलं, तर ते 'एलिसिट'.

आता 'कन्सल्टेड'. वरिष्ठांना हा शब्द का आवडला ते मला कळतं, वजनदार दिसतो. पण सल्लामसलत निर्णयाआधी होते, आणि लोकांचं ऐकून निर्णय बदलण्याची तयारी त्यात असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी ग्रामपंचायतीशी असा विचारविनिमय करायला सांगितलं आहे. तुमच्या गावात पाइप आधीच टाकून झाले असतील आणि तुम्ही नंतर विचारायला गेला असाल, तर हा शब्द खोटा ठरेल. कृपा करून तो काढायला लावा. अहवाल वाचणारा त्यावरून गावाची संमती होती असं धरेल, आणि पुढे कुणी तक्रार केली तर तोच कागद गावाच्या विरोधात दाखवला जाईल.

तुम्ही घरोघर गेलात, सगळीकडे तेच प्रश्न विचारलेत आणि उत्तरं लिहून घेतलीत. म्हणून 'सर्व्हेड'. वाक्य असं करा: 'वुई सर्व्हेड १८१ हाउसहोल्ड्स ऑन द वॉटर स्कीम.' २१२ लिहू नका. कुलूप असलेली ३१ घरं लगेच पुढच्या वाक्यात येऊ द्या, आणि त्यातली माणसं मुंबईला असतात की टंचाईमुळे गाव सोडून गेलीत, हे शेजाऱ्यांकडून कळलं असेल तर तेही लिहा.